कलाबाईची करंगळी

शेषरावानं ब्लेडवरचा कागद सोडला आणि पुन्हा गुंडाळून ठेवला. सकाळपासून हे तिसऱ्यांदा झालं.

जानेफळच्या शिवारात, नाल्याकाठी त्याची डुकरांची खोप होती. आज तिथं दोन नर पिल्लांचा निकाल लागायचा होता. एक पैदाशीला राखायचं आणि दुसरं खच्ची करायचं. तीन आठवडे भरले होते, आणखी थांबलं तर जखम लवकर भरत नाही. लेक दीपमाला सासरहून मुद्दाम आली होती, कारण पिल्लू धरायला घरात आता दुसरं कोणी नव्हतं.

एक पिल्लू रोडकं, बुटकं, ठेवाल तिथं बसून राहणारं. दुसरं मात्र बघत राहावं असं. पाठ लांब, पुठ्ठे भरलेले, अंग काळं कुळकुळीत, आणि पुढचा डावा पाय खुरापासून पांढरा. साखरखेर्ड्याचा शालिग्राम आपल्या माद्या शेषरावाच्याच नराकडं आणायचा. तो परवाच पांढऱ्या पायाचं बघून गेला आणि हेच ठेवा म्हणाला.

असा पाय या खोपीत आधी एकाच नराचा होता. त्याला शेषराव कौतुकानं पहिलवान म्हणायचा. गेल्या आषाढात पहिलवानानं सुळ्यानं शेषरावाच्या बायकोची, कलाबाईची, मांडी फाडली. ती नवव्या दिवशी गेली, आणि दहाव्या दिवशी त्यानं नर विकून टाकला. पण तोवर एक मादी गाभण राहिली होती. तिची ही पिल्लं.

नर निवडताना शेषराव पाठ बघायचा आणि कलाबाई स्वभाव. तिची रीत साधी होती. पिल्लाच्या तोंडात करंगळी घालायची. चोखलं तर राखायचं, चावलं तर खच्ची करायचं, मग ते कितीही देखणं असो. पहिलवान एवढासा होता तेव्हा तो तिला कडकडून चावला. याले ठेवू नका, म्हणत तिनं बोट पुढं केलं. बायकांचं काय घेऊन बसायचं, असं वाटून शेषराव हसला आणि त्यानं आपलंच बोट पिल्लाच्या तोंडात दिलं. पिल्लू मुकाट चोखत राहिलं.

"मले तं नाई चावला," तो म्हणाला होता. नवरा म्हणाला, म्हणजे विषय मिटला.

ते वाक्य आता खोपीतच राहायला आलं होतं. तो कोंडा कालवायला बसला की ते मागून ऐकू यायचं, त्याच्याच आवाजात. संध्याकाळी माद्या खाता खाता मध्येच थांबायच्या आणि दाराकडं माना वर करायच्या. कलाबाई तिथं उभी राहायची. शेषरावानं दाराकडं बघणं सोडून दिलं होतं.

दीपमालानं पांढऱ्या पायाचं पिल्लू मांडीवर घेतलं. शेषरावानं करंगळी पुढं केली. पिल्लानं ती तोंडात घेतली आणि चोखू लागलं. गरम, मऊ, दाताचा साधा स्पर्शही नाही. चावलं असतं तर फार बरं झालं असतं, असं शेषरावाला वाटलं. तोंडाशी आलेलं ते जुनं वाक्य त्यानं गिळलं.

दीपमाला त्याच्याकडं बघत होती.

"तुमाले कसा चावन, बाबा?" ती म्हणाली. "थो पहिलवान बी तुमाले नव्हता चावला."

तिनं आपली करंगळी पुढं केली. त्या बोटात आईचं चांदीचं वेढं होतं. शेषराव तिचा हात धरायला पुढं सरकला, पण तिनं मानेनंच नको म्हटलं. करंगळी पिल्लाच्या तोंडात गेली. पलीकडं मादी घुरघुरायची थांबली. चोखण्याचा बारीक आवाज तेवढा येत राहिला. बराच वेळ येत राहिला.

दीपमालानं बोट काढून घेतलं.

"चावला," ती म्हणाली, आणि तिनं बोट बापापुढं धरलं.

बोट ओलं होतं, वेढ्याला जरासा फेस लागला होता. दाताची खूण कुठंच नव्हती. शेषरावानं ते दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं. कलाबाईनं धरलेलं बोट त्यानं त्या दिवशी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"हाव," तो म्हणाला. "चावला."

आणि त्यानं ब्लेडवरचा कागद सोडला.