सातवी खोली

आठ दिवसांत पिठी मांजरीने आपली तीन पिल्लं घरातल्या सहा खोल्यांतून फिरवली. आज सकाळपासून ती धाकट्याला मानेला धरून सातव्या, बंद खोलीपाशी बसली होती.

"आई, उघड की दार," केतकी म्हणाली. "मांजर सात घरं फिरवतेच, हे तूच सांगायचीस. बघ, पाजतसुद्धा नाहीये पिल्लांना."

"सहा पुरेत तिला," सुनेत्राबाई तुटकपणे म्हणाल्या.

चंद्रावरच्या त्या वसाहतीत हवा सगळ्यांची एकच होती. पंखे ती ओढून घेत, धुऊन पुन्हा घरोघर पाठवत. फोडणीचा वाससुद्धा पाच मिनिटं टिकत नसे. फक्त ही खोली, दिगंबरराव गेले त्या दिवशी, सुनेत्राबाईंनी हवेच्या झडपेसकट बंद केली होती. आईला आत जाववत नाही, असं केतकीला वाटे. आत बाबांच्या श्वासांची हवा जपून ठेवली आहे, हे तिला कधी सुचलंच नाही.

पिल्लू भुकेने केविलवाणं ओरडलं. पिठीने ते खाली ठेवलं, दार ओरबाडलं आणि पुन्हा उचललं.

सुनेत्राबाईंनी दार उघडलं. खोबरेल तेलाचा, औषधांचा, त्यांच्या माणसाचा वास आला. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. पिठीने पिल्लू दिगंबररावांच्या चपलांवर ठेवलं आणि तिथेच त्याला पाजायला आडवी झाली. दार उघडल्याने झडपही उघडली आणि छतातला पंखा आपोआप आतली हवा ओढू लागला.

"आई, रडतेस का? बोल ना काहीतरी."

सुनेत्राबाईंनी नुसती मान हलवली. बोलायचं तर श्वास सोडावा लागला असता.