सात नंबरची सायकल

कोणाला खरं वाटणार नाही, पण माझ्या सात नंबरच्या सायकलीवर भूत नव्हतं.

औंढ्याला माझं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. काळ्या मातीच्या चिखलात पायडल न मारता चाक फिरू देणारं फ्रीव्हील सतत अडकायचं, म्हणून शहात्तर साली मी दहाही सायकलींना फिक्स चाकं बसवली. दुरुस्तीची तकलीफच संपली; फक्त चाक फिरलं की पायडलही फिरायचं. त्याच पावसाळ्यात गावातला सोनाजी भाड्यानं नेलेली सात नंबर ओढ्याकाठी टेकवून गवत कापायला उतरला आणि साप चावून मेला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती सायकल एकटीच दुकानाकडे आली. सीट रिकामी, पायडल फिरतंय. गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच.

एक दिवस परगावचे दोघे भीतभीत दाराशी आले. मी म्हणालो, "अहो, वाऱ्यानं सुटली न्‌ उतारानं घरंगळत आली. फिक्स चाक आहे, पायडल फिरणारच. यात भूत कुठून आलं?" त्यांना पटलं. एकानं तर हँडलही धरलं.



शेजारी बेलाची पानं विकत बसलेली सोनाजीची बायको द्वारकाबाई मान वर न करता म्हणाली, "दादा, काहून खोटं बोलून राहिले? ओढ्यापासून इथवर सगळा चढच हाय."