मेव्हण्यांचा प्रोग्राम

"साहेब, तुमच्या मेव्हण्यांचा प्रोग्राम संगणक लावताच सगळी मेमरी बळकावतो. मग आपल्या जुन्या डेटाबेसला जागाच उरत नाही," रक्तपेढीतली कुमुद पेढीच्या प्रमुखांना म्हणाली. वरच्या मजल्यावर बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त तातडीनं हवं होतं आणि रक्तदात्यांची नावं त्याच डेटाबेसमध्ये होती.

"मेव्हणा इंजिनियर आहे. तुझंच काहीतरी चुकतंय."

मेव्हण्याचा प्रोग्राम पडद्यावर साहेबांचं नाव मिरवण्यापलीकडे काही करत नव्हता. संगणक सुरू होताना काय काय चालवायचं हे सांगणाऱ्या फाइलीतून कुमुदनं त्याची ओळ उडवली आणि संगणक पुन्हा लावला. डेटाबेस मुकाट उघडला.

ओ निगेटिव्हखाली पहिलंच नाव साहेबांचं होतं.

"म्हणजे आपलंच रक्त ओ निगेटिव्ह आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पेढीच्या उद्घाटनाला फोटोपुरतं रक्त दिलेलं गं. सुईची भीती वाटते."

"मग डोळे मिटा," म्हणत कुमुदनं त्यांची बाही वर सारली.