सासऱ्याच्या चवीची राकिया

"थांब. ही पहिली धार प्यायची नसते, विषारी असते. ओतून दे," तिहोमिर म्हणाला.

स्वेतोझारने वाटी गवतात रिकामी केली. सत्तराव्या वर्षी शिकाऊ झालेल्या माणसाने मुकाट्याने ऐकावं, हे बरं. त्यांच्या गावात मिसरूड फुटायच्या आत पोरं आलुबुखाराची राकिया, म्हणजे घरची दारू, गाळायला शिकतात. आणि हा निवृत्त पोस्टमन तिसऱ्या वर्षीही शेजारच्या तिहोमिरला विचारून चुलीत लाकूड सारत होता.

पहिल्या वर्षी पिंपातल्या फळांचा सिरका झाला. दुसऱ्या वर्षी लगदा तळाला लागला आणि सगळ्या राकियाला करपट वास आला. गावाने हसून घेतलं. म्हातारपणी छंद लावून घ्यायचा तर मधमाश्या पाळाव्यात, भट्टी कशाला, असं लोक तोंडावर म्हणाले.

"तुझ्या सासऱ्याचं तांब्याचं भांडं असतं ना, तर आंधळ्यानेही गाळली असती," झाकणाच्या सांध्यातून वाफ निसटत होती तिथे कणीक थापत तिहोमिर म्हणाला. "पंचक्रोशीत तसं भांडं नव्हतं. म्हातारा गेल्यावरचा चाळीस दिवसांचा दुखवटाही संपला नव्हता, आणि तू ते..."

"जाळ बघ," स्वेतोझार म्हणाला.

तिहोमिरने जाळ बघितला.

छंदबिंद काही नव्हता. स्वेतोझारची बायको कोसारा त्याला चार वर्षांपासून ओळखत नव्हती. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की आता उतरणच आहे, औषध नाही. उठता उठता मात्र त्या म्हणाल्या, वासाची आठवण सगळ्यात शेवटी जाते. लहानपणचा एखादा वास आला तर अशी माणसं कधी कधी घटकाभर परत येतात.

घटकाभर पुरे होतं. तिने एकदा आपल्याला ओळखावं आणि आपण तिला एक गोष्ट बोलून टाकावी, यापलीकडे स्वेतोझारला आयुष्याकडून काही नको होतं. कोणती गोष्ट, ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. कोसारा तिच्या बापाच्या राकियाच्या वासात वाढली होती. तिचा बाप ती दोनदा गाळायचा आणि तुतीच्या लाकडाच्या पिंपात मुरून पिवळी होऊ द्यायचा. तशीच हवी होती.

संध्याकाळी तो आत आला, तेव्हा कोसारा खिडकीशी बसली होती.

"या पाहुणे. धुराचा वास येतोय तुम्हाला. जेवलात का?"

"जेवेन आता."

मग ती बोलत राहिली. शेजारच्या हंसांबद्दल, चर्चच्या घंटेबद्दल, कुणाच्या तरी लग्नातल्या भरल्या कोबीबद्दल. अचानक थांबून तिने विचारलं, "तुमची बायको बोलते का हो तुमच्याशी?"

"हल्ली खूप बोलते."

"बोलावं माणसानं. न बोलून काय मिळतं?"

दोघंही हसली. त्या हसण्याने स्वेतोझारला बरं वाटलं, पण ती एका परक्या माणसाशी हसत होती.

हिवाळ्यात कोसारा अंथरुणाला खिळली. बोलणं तुटक झालं, खाणं पाखराएवढं. पिंपातली राकिया पिवळी होईतो ही राहते की नाही, या धास्तीने स्वेतोझार रोज तळघरात जाऊन नुसता पिंपावर हात ठेवून यायचा. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, पुन्हा यायची तारीख न देता.

मे महिन्यात, संत जॉर्जच्या सणाला, त्यांनी पिंप उघडलं. तिहोमिरने क्रूसाची खूण केली, मेलेल्यांसाठी थोडी जमिनीवर सांडली आणि एक घोट घेतला. मग आणखी एक घेतला.

"हा तुझा सासरा," तो म्हणाला. "हुबेहूब तोच. जा आत. मी अंगणात थांबतो."

स्वेतोझारने लहान बाटली भरली. आत जाऊन तो खाटेशी वाकला. त्याने बाटली कोसाराच्या नाकाशी धरली. तिने डोळे उघडले. त्याने ओठांना एक थेंब लावला.

"बाबा," ती म्हणाली.

मग एकेक येत गेलं. परसातलं तुतीचं झाड. कुत्रा गारोव. वरातीत चिखलात रुतलेली बैलगाडी आणि ती ढकलणारा नवरदेव. तिचा आवाज स्वच्छ होत गेला. तिने मान वळवून स्वेतोझारकडे पाहिलं, आणि त्या नजरेत पाहुण्यासाठी असतं ते अगत्य नव्हतं.

"स्वेतोझार."

चार वर्षांनी तिच्या तोंडून आपलं नाव ऐकून म्हातारा ढसाढसा रडला. खाटेशी गुडघे टेकून त्याने तिचा हात घट्ट धरला.

"मीच, कोसारा. मीच आहे. तुझ्या बापाचं भांडं मी विकलं, माझं चुकलं. मला एकदा माफ केलं म्हण."

कोसाराने हात सोडवून घेतला, तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि आजारी पडण्याआधी सलग एकोणीस वर्षं धरला होता, तोच अबोला पुन्हा धरला.