रेघ आणि डाग

आमचा शिळाछापखाना नवरा-बायको दोघांचाच. ती दगडावर ओला स्पंज फिरवते. मी शाई लावतो, कागद ठेवतो, दांडा ओढतो. न कळणाऱ्या चित्रांवरच आमचं पोट चालतं.

यावेळी चित्रकार बाईंनी दगडावर डावीकडे उभी रेघ काढली होती आणि उजवीकडे, वीतभर अंतरावर, माणसाएवढा जड वाटणारा काळा डाग.

"याचा अर्थ काय हो, बाई?" बायकोने विचारलं.

"अर्थ नाही. रेघ तेवढी जपा."

दुसऱ्या छापात डाग रेघेजवळ आला.

"कागद तिरका ठेवलात तुम्ही," बायको म्हणाली.

मग रेघही सरकायला हवी होती. ती जागच्या जागी होती. दगडावरचा डागसुद्धा.

तिसऱ्या छापात डाग रेघेला टेकला.

"राहू दे आता," मी म्हटलं.

"अहो, चार कबूल केलेत," म्हणत तिने पुन्हा स्पंज फिरवला.

चौथा कागद मी उचलला. रेघ मधोमध तुटली होती. डाग कुठेच नव्हता.

बायको दगड पुसायला वाकली होती. मान वर न करता ती वैतागून म्हणाली, "आधी हात धुवा बरं. शाईचा हात माझ्या पाठीवर कशाला ठेवताय?"

मी दगडाच्या पलीकडे उभा होतो. कागद माझ्या दोन्ही हातांत होता.