जर्मेनियमचा श्वास

"सोमवारी सामान घेऊन येते," ताई काळा गॉगल न काढता म्हणाली. मोतीबिंदू काढल्यापासून तो तिच्या नाकावरच राहायला आला होता. "ही खोली बरी आहे. ऊन येतं. तेवढा हा भंगाराचा बाजार उचल, बाळ्या."

बाळ्या बावन्न वर्षांचा होता. थोरल्या बहिणीसमोर तो दर वेळी नऊ वर्षांचा व्हायचा.

"भंगार नाही ताई. जर्मेनियम आहे."

"तेच ते."

त्याने टेबलावरचा ॲम्प्लिफायर दोन्ही हातांनी पुढे ओढला, झोपलेलं मांजर ओढावं तसा. डब्याला झाकण नव्हतं. आत जुने ट्रान्झिस्टर उभे होते. शेंगदाण्याएवढे, काचेचे, वरून काळा रंग दिलेले.

"हल्लीचे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर म्हणजे कडक इस्त्रीची माणसं. ऊन असो, थंडी असो, काम तेवढंच. हे जर्मेनियमचे हळवे. तापले की बिघडतात, म्हणून झाकण नाही. उजेड लागला की आवाज हलतो, म्हणून काळा रंग. पण एकदा का रंगात आले, की गाणारी बाई शेजारी येऊन बसते."

"कुठली बाई?" ताईने विचारलं.

बायको चहा घेऊन दारात उभी होती. "मला तर यातलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली. "या हो ताई तुम्ही. तेवढीच मला सोबत. मागच्या वेळी माझे स्वयंपाकघरातले सगळे डबे किती छान लावून दिले होतेत."

"चहात साखर नाही."

"सापडली की घालते."

दिवसभर तो बँकेत लोकांच्या सह्या जुळतात का ते बघायचा. संध्याकाळी या खोलीत बसून गाणं लावलं, की खुर्ची जमिनीपासून किंचित वर उचलली जायची. निदान त्याला तसं वाटायचं. खोली गेली तर संध्याकाळीही तो जमिनीवरच असणार होता.

"एक संधी दे," तो म्हणाला. "रविवारी माझ्या मित्राला, कानसेनला बोलावतो. एक माझा डबा, एक दुकानातला नवा. त्याला फरक कळला नाही, तर तुझी ट्रंक मी स्वतः उचलून आणतो."

"आणि कळला तर?"

"तर धाकट्याकडे जा."

"त्याच्याकडे लिफ्ट आहे," ताई विचारात पडून म्हणाली. "पण त्याची बायको उलट बोलते. ही कशी, गाय आहे."

गाय कपबशा गोळा करत होती.

रविवारी बायकोने पहाटेच कपडे धुऊन त्या खोलीच्या खिडकीबाहेरच्या गॅलरीत वाळत घातले. मग फडकं घेऊन ती खोलीत आली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिने तो डबा पुसला, अगदी आतपर्यंत.

"हळू गं," बाळ्या म्हणाला.

"शेवटचंच पुसतेय."

त्याला गलबलून आलं. तो तोंड धुवायला निघून गेला.

दुपारी कानसेन आला, स्वतःची उशी घेऊन. तो दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांची तोंडं उघडायचा आणि रविवारी जुन्या ॲम्प्लिफायरांसमोर स्वतःचं मिटून बसायचा.

"डोळे मिटा," तो म्हणाला. "उघड्या डोळ्यांनी जर्मेनियम ऐकू येत नाही."

या जर्मेनियमवाल्या मंडळींचा हा नियमच होता.

"ताई, तुम्ही खिडकीकडे पाठ करून बसा. ऊन नको डोळ्यांवर," बायको म्हणाली. "मी आपली गॅलरीत कपडे बघते."

आधी दुकानातला डबा लागला. गाणं स्वच्छ होतं.

"फरशी पुसल्यासारखं," कानसेन मिटल्या डोळ्यांनी म्हणाला. "पुढे."

बाळ्याने आपला डबा लावला, तेच गाणं पुन्हा सुरू केलं आणि डोळे मिटले.

बाई गायला लागली. पहिल्या ओळीनंतर तिचा आवाज हळूच आत ओढला गेला, थोडा थांबला आणि भरून परत आला. पुन्हा गेला. पुन्हा आला. सगळी खोलीच कुणाच्या तरी छातीवर ठेवल्यासारखी वरखाली होत होती. खुर्ची उचलली गेली. आज ताईचीही. या डब्यातून असं काही बाळ्याने आजवर ऐकलं नव्हतं.

"श्वास घेतोय," कानसेन पुटपुटला. "अरे, हा श्वास घेतोय!"

"आई अशीच गुणगुणायची," ताई म्हणाली. "काम करता करता. मध्येच थांबायची, मग परत." तिने गॉगलखाली पदर घातला.

गाणं संपलं तरी कुणी डोळे उघडले नाहीत.

"ठेव रे तुझी खोली," शेवटी ताई म्हणाली. "मी लिफ्टवाल्याकडे जाते. अधूनमधून ऐकायला बोलव मात्र."

कानसेन तिला सोडायला गेला. उशी तो विसरला.

बायको गॅलरीतून आली आणि खुर्चीत धपकन बसली.

"जिंकलो!" बाळ्या म्हणाला.

"अगं बाई, हो? मला बाहेर काही कळलंच नाही."

"तुझी सोबत गेली गं."

"काय करणार," तिने सुस्कारा सोडला. दोन्ही दंड चोळले. टोकाला काळा रंग लागलेला आकडा अंबाड्यात नीट खोचला. मग खिडकीसमोर गाणं संपेपर्यंत झटकत राहिलेली चादर मांडीवर घेऊन ती घड्या घालू लागली. चादर सकाळीच वाळली होती.