मधल्या तुळईखालची भिंत

ट्रॉली अडली. मागचं चाक भिंतीला घासून थांबलं आणि धाकट्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. इतकी वर्षं नुसता संशय होता. आता पुरावा मिळाला.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "गेल्या वर्षी हीच ट्रॉली इथून आत जात होती. दादानं भिंत सरकवली."

"भिंतीला काय पाय फुटलेत?"

बायको भोळी होती. लग्नाच्या आधीपासून.

कोठार आजोबांनी उभं केलेलं. जाड लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर छप्पर. खांबांच्या मधे काठ्यांचा कूड आणि त्यावर भुसा घालून तुडवलेली माती. भार सगळा लाकडावर. माती नुसती वारा अडवायला. पुढे वडील गेले, भावांचं बिनसलं आणि धाकट्यानं मधल्या तुळईखाली भिंत मागितली. दोघांनी एकाच खड्ड्यातली माती तुडवली, एकमेकांकडे न बघता. कूड उभा राहिला तेव्हा थोरला एवढंच म्हणाला, "तुझ्या बाजूचं तू बघ. माझ्या बाजूचं मी बघतो."

इथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे धाकट्यानं तेव्हाच ओळखलं.

पहिल्याच वर्षी पलीकडून पुटपुट ऐकू आली. शब्द कळत नव्हते. म्हणजे ते कळू नयेत असेच असणार. रिकाम्या कोठारात एकटा माणूस कुणाशी बोलतो? धाकट्यानं भिंतीला लिंपणाचा एक हात चढवला. पुढच्या वर्षी खरवडल्यासारखा आवाज आला आणि माती भुरभुरल्याचा. पुन्हा लिंपण, जरा जाड. एकदा भिंतीला बोटभर भोक पडलं आणि पलीकडचा उजेड आत आला. डोळा लावायला पाडलेलं भोक, दुसरं काय? त्या वर्षी त्यानं मातीची घमेली मोजली नाहीत. हळूहळू पुटपुट थांबली, तेव्हा त्याला जास्तच काळजी वाटू लागली.

थोरला कोठारातून बाहेर पडताना सदऱ्याच्या खांद्यावरची माती झटकायचा. तेही धाकट्यानं हेरून ठेवलं होतं. रस्त्यात समोर आला तर थोरला हसायचा. धाकटा मान वळवायचा. भावाची जागा लाटायची आणि वर हसायचं, याला छाती लागते.

ट्रॉली अडली त्याच दिवशी त्यानं वकिलाच्या कानावर घातलं. सुताराला ओळंबा घेऊन बोलावलं आणि थोरल्याला निरोप धाडला: भिंत फोडतोय, समक्ष हजर राहा. जरा वेळानं पलीकडचं दार करकरलं.

"लगेच आला," धाकटा बायकोला म्हणाला. "मन खात असणार."

सुतार शिडीवर चढला. त्यानं तुळईच्या कडेवरून ओळंबा सोडला. तो जमिनीपर्यंत आलाच नाही. वाटेतच भिंतीच्या पोटावर टेकला.

"तुळई जागची हललेली नाही," सुतार वरून म्हणाला. "कुडाच्या काठ्या तिच्यात बसवल्यात, त्याही हललेल्या नाहीत."

"मग ही माती इकडे आली कशी?"

"फोडल्यावर दिसेल."

धाकट्यानं पहार उचलली. पहिला पोपडा पडला. त्याच्या आत दुसरा निघाला, त्याच्या आत तिसरा, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. प्रत्येक थरावर हाताचे ठसे होते. करंगळी वाकडी. ती लहानपणी याच कोठाराच्या दारात चेपली होती, आणि तेव्हा धाकट्याला रडत घरी नेणारा थोरलाच होता. पहार हातभर आत गेली तरी वाकडी करंगळी काही संपेना. सुतार शिडीवर बसून छप्पर न्याहाळू लागला. बायको पडलेले पोपडे घमेल्यात भरू लागली.

शेवटी काठ्या लागल्या. काठ्यांच्या पलीकडे मातीच नव्हती. थेट दादाचा सदरा दिसत होता.

त्या बाजूला पहिल्या दिवशी थापलेली माती कधीच गळून पायथ्याशी ढीग झाली होती. तिथे पुन्हा कुणी हात फिरवलेला नव्हता. काठ्या उघड्या पडल्या होत्या, आणि खांद्याच्या उंचीवर घासून गुळगुळीत झाल्या होत्या.

"तू लिंपली नाहीस?" धाकट्यानं विचारलं. कित्येक वर्षांतलं पहिलं वाक्य, तेही संशयाचंच.

"नाही. उलट येता-जाता खांदा घासायचो," थोरला म्हणाला. "म्हटलं, माझ्या बाजूनं सुटली की तुझ्या बाजूची कितीशी टिकतेय? पडेल आपली कधीतरी."

धाकट्यानं पहार खाली ठेवली.

"मग तसं बोलायचं ना, दादा."

"बोलायचो की," काठ्यांमागून थोरला म्हणाला. "दर वर्षी जरा जास्त मोठ्यानं."